नवा पत्रा धुवायचा कशाला?

मंडळी, आमच्या पेंटरवर मला पहिल्यापासूनच संशय होता. तुम्हालाही आला असता.

गेटला नवाकोरा जस्ती पत्रा लावलाय, आरशासारखा चकाचक. पण काल पेंटर बसूअण्णा रंग द्यायचं सोडून तो साबणाने धुवायला बसले. मग पॉलिश पेपरने घासणं! गडी नक्की रोजासाठी दिवस वाढवतोय, म्हणून मी समोरच खुर्ची टाकून बसलो.

"मालक, नवा पत्रा तेलकट असतोय. तसाच मारला तर रंग धरत न्हाय," अण्णा म्हणाले. मला काही पटेना.

ते जेवायला गेले तेव्हा न धुतलेला एक कोपरा मीच गुपचूप रंगवला. झकास दिसला. परत आल्यावर अण्णांनी उरलेला पत्रा धुऊन रंगवला, पण त्यांना ते कळलंसुद्धा नाही. बघा, म्हणजे कामावर लक्षच नाही!

आज त्यांचं काम तपासायला मी रंगावर जागोजागी चिकटपट्टी लावून ओढली. कुठंच निघेना. शेवटी माझ्या कोपऱ्यावर ओढली, तर रंगाचा अख्खा पापुद्रा हातात आला.

"कालच बघितलंतं मी," मागून अण्णा म्हणाले. साबणाची बादली माझ्यासमोर ठेवून ते माझ्याच खुर्चीत बसले. "घासा की नीट. हितंच हाय मी."