चूक चेनीची का स्प्रॉकेटची?

गॅरेजवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक ते गाडीवर डबलसीट बसवून आणतं! राळेगावात माझं आणि रशीदभाईचं मिळून गॅरेज आहे. बोर्डावर दोघांची नावं, आणि गुडघेही दोघांचे कामातून गेलेले. संध्याकाळी हात धुताना दिवसभराचा किस्सा आठवतो, पण हसायला त्राण उरत नाही. तर माझ्या वाटचंही तुम्हीच हसून घ्या.

गिऱ्हाइकाचं म्हणणं ठरलेलं असतं. "चेन आवाज करून राह्यली, टाईट करून द्या." मग आम्ही गाडी डबल स्टँडवर लावतो. रशीदभाई मागचं चाक हळूहळू फिरवतो, मी बोटाने चेन दाबून बोलत जातो, "टाईट... ढिल्ली... टाईट..." एका जागी ताणलेली आणि दुसरीकडे लोंबणारी असली, म्हणजे ती कमीजास्त झिजली. मग नुसती कसून भागत नाही, ती ज्या दातेरी चकतीवर फिरते त्या स्प्रॉकेटसकट पूर्ण सेट बदलावा लागतो. हे सांगून सांगून आमचीच चेन ढिल्ली झाली आहे!

*

बाभुळगावकडचा एकजण आला. स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने खाल्लेले. पाहतो तर चाकच तिरपं बसलेलं! चेन कसायला दोन्ही बाजूंना नट असतात, या पठ्ठ्याने डावीकडचाच कसला होता.

मी म्हटलं, "उजवीकडचा काहून नाही कसला?"

"तिकडं सायलेन्सर हाय न भाऊ! चटका लागते!"

"मंग गाडी थंडी झाल्यावर कसाचा."

"गाडी थंडी झाली का मले झोप येते न!"

मलाही तेव्हा झोपच येत होती.

*

दुसरा एक एस.टी. स्टँडवर भज्यांची हातगाडी लावतो. त्याची तक्रार वेगळीच. "मिस्त्री, चेन झिजून राह्यली अन् गावातले कुत्रे मांगं लागून राह्यले!"

रशीदभाईने वाकून चेनीचा वास घेतला. "आलुबोंडा?"

तो लाजला. "नाही चाचा, मुंगवडा."

कढईतलं उरलेलं तेल तो रोज चेनीला पाजत होता! त्या तेलावर शेतरस्त्याची माती बसून पीठ झालं होतं, आणि चेनीचं पार वाटण. चेन धुऊन होईपर्यंत दोन कुत्री गॅरेजच्या दाराशी बसून होती.

*

आता गुरुजींची गोष्ट. हिच्यावर मात्र मला हसू येत नाही.

गुरुजींनी सकाळी रशीदभाईकडून चेन कसून घेतली. मी तेव्हा सामान आणायला यवतमाळला गेलो होतो. दुपारी रशीदभाई नमाजाला गेला, मी परतलो, आणि गुरुजी पुन्हा हजर. "जराशी अजून कसून देजो बाबू." मी कसली. रशीदभाईने मला सांगितलं नव्हतं, मी गुरुजींना विचारलं नाही. चेन आधीच झिजलेली, त्यात दोनदा कसलेली. ती राळेगावच्या वेशीबाहेर तुटली आणि गुरुजी भर उन्हात गाडी ढकलत परत आले.

"कोन तोडली रे माही चेन?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"तू कायले कसली बे दिगू?"

"तू सांगतलं काहून नाही?"

एकाचे दोन, दोनाचे चार झाले. कुठली कुठली मढी उकरून काढली आम्ही! आणि त्या दिवसापासून अबोला.

*

एका गॅरेजात दोन मिस्त्री आणि अबोला म्हणजे गिऱ्हाइकाचे हाल. रशीदभाई गिऱ्हाइकाला म्हणायचा, "त्याले म्हना, बाराचा पाना दे."

गिऱ्हाईक मला सांगायचं, "भाऊ, ते बाराचा पाना मांगून राह्यले."

"त्यायले म्हना, त्यायच्याच खिशात हाय!"

शेवटी एकजण वैतागला. "मी गाडी दुरुस्त कराले आलो, का तुमची सोयरीक जुळवाले?"

पुढे कानावर आलं की रशीदभाई पांढरकवड्याला गाळा पाहून आला. बोर्डावरचं अर्धं नाव पुसायचं, एवढंच राहिलं होतं. मी एका हाताने चाक फिरवायचो, दुसऱ्याने चेन दाबायचो. कंबरेचा काटा ढिला झाला. हा माणूस गेला तर मला गॅरेज उघडावंसंही वाटणार नाही, हे मला पुरतं कळत होतं. पण तोंड उघडेन तर शपथ!

*

आणि मग केळापूरकडचं ते जोडपं आलं. बाई गाडी चालवत होती, नवरा मागे. गाडी थांबायच्या आधीपासून भांडण सुरू.

"ह्यायनं नवी चेन टाकली अन् स्प्रॉकेट जुनाच ठेवला! त्यानंच चेन खाल्ली."

"चेनच फालतू होती! तिनं स्प्रॉकेट खाल्ला. अन् हे गाडी कशी पळवते ते पाहा!"

मी चेनीकडे बघत होतो, रशीदभाई स्प्रॉकेटकडे. बाईने कमरेवर हात ठेवले. "सांगा मिस्त्री, चूक कोनाची? चेनीची का स्प्रॉकेटची?"

"दोघायचीबी!"

आम्ही दोघं एकदमच बोललो होतो. मी उगाच पाना पुसत राहिलो.

जरा वेळाने रशीदभाई घसा खाकरून बाईला म्हणाला, "ताई, त्याले म्हना, चेन दाब."

"तुमीच म्हना न! तोंड नाही काय तुमाले?" बाई कडाडली. "आमी बी घरून भांडतच निंघालो. पन आलो न एकाच गाडीवर!"

रशीदभाई चाकापाशी बसला. गुडघा कटकन वाजला. त्याने चाकाला हात घातला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दाब बे दिगू."

मी बोट ठेवलं.

"टाईट," मी म्हणालो.

चाक थोडं फिरलं.

"ढिल्ली."