आमच्याकडेही तसंच

माझी नणंद अक्षदा कुणाला सहज बधणारी नाही. मानपाड्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात ती लॅब सांभाळते, आणि माल नापास केला की मालकाच्या मेव्हण्यालाही दारातून परत पाठवते. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी अशी हुज्जत घालते, की मी चार पावलं लांब उभी राहते, ओळख न दाखवता. अशा बाईला फोनवरच्या एका माणसाने गुंडाळलं, हे मला आजही पचत नाही. राग त्याचा येतो, तिचाही येतो, आणि मग तिच्यासाठी जीव तुटतो.

गेल्या वर्षी ती आठ वर्षांच्या सान्वीला घेऊन कोलशेतचं सासर सोडून डोंबिवलीला आमच्याकडे आली. साकेतने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, पण बोलणं असं की माणूस आतून झिजावा. कल्याणच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लागला. घटस्फोट दोघांनाही हवा होता. भांडण एवढंच, की सान्वी कुणाकडे राहणार. तोवर रविवारी ती साकेतकडे जायची. साकेत सगळीकडे सांगत सुटला होता, हिला मुलगी नकोच आहे, मला छळायला हवी आहे.

अशात फेसबुकवर आर्यन उगवला. जहाजावर चीफ ऑफिसर, बायको वारलेली, मूळ गाव देवगडकडे. आमचं संगमेश्वरकडे. 'कोकणातला' म्हटल्यावर त्याचं अर्धं काम तिथेच झालं. मराठी मोडकंतोडकं, तर म्हणे वर्षानुवर्षं बोटीवर राहून बोलायची सवय गेली. हिने लिहिलं, आमची गौर तेरड्याची, पाणवठ्यावरून वाजतगाजत आणतात. त्याचं उत्तर, आमच्याकडेही तसंच. हिने लिहिलं, आमचा गौरीचा सण तिखटा, मटण-वड्यांचा. आमच्याकडेही तसंच. आई अबोल, भाऊ तापट, गावच्या घरावरून चुलत्यांशी वाद, सगळं त्याच्याकडेही तसंच. नवऱ्याने लग्न झाल्यापासून हिचं प्रत्येक वाक्य खोडलं होतं. हा एकही खोडत नव्हता.

मला हे कळलं ते तिने माझ्या बांगड्या मागितल्या तेव्हा. सान्वीसाठी त्याने पाठवलेलं पार्सल म्हणे विमानतळावर कस्टमने अडवलं होतं. ते सोडवायला तिचा बोनस आधीच गेला होता, आणि आता आणखी मागत होते.

"अगं, स्वतःच्या पार्सलचे पैसे त्याला भरता येत नाहीत? चीफ ऑफिसर ना तो?"

"वहिनी, भर समुद्रात आहे तो. तिथून बँक चालत नाही."

"आणि फेसबुक चालतं?"

ती चिडली. तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही, इथपर्यंत गेली. मीही चार शब्द सुनावले. माझ्या सासूबाई, कलावतीबाई, शेजारी बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. त्या एरवी कुणाच्या मध्ये पडत नाहीत.

"सगळंच आपल्यासारखं आहे का गं त्याच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"हो आई. सगळं."

"आपल्या वाडीतलं वरच्या वाडीत चालत नाही. माझ्या बहिणीचं सासर नदीपलीकडे, तर तिची गौर पुऱ्या खाते आणि आपली वडे. कोकणातला माणूस आधी म्हणतो, आमच्याकडे नाही हो असं. मग तुझं ऐकतो."

अक्षदाने आमच्यासमोरच फोन घेतला आणि लिहिलं, आमच्याकडे गौर निघाली की धाकटा जावई तिच्या वाटेत रुसून बसतो, लाडू दिल्याशिवाय उठत नाही. वास्तविक असली प्रथा आमच्याकडे नाहीच. तिने तिथल्या तिथे रचलं होतं. त्याने एकदा तरी 'नाही' म्हणावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती, ते मला स्पष्ट दिसत होतं. मी चहा टाकला. तो उकळायच्या आत उत्तर आलं.

'आमच्याकडेही तसंच, डिअर. पैसे कधी पाठवतेस?'

खरं तर हसू यायला हवं होतं. कुणालाच आलं नाही.

पैसे मिळणार नाहीत असं तिने कळवलं आणि डिअरचा सूर बदलला. त्याने तिलाच तिच्या चॅटचा फोटो पाठवला. कोर्टातून डोकं पिकवून आल्यावर तिने कधीतरी लिहिलेलं वाक्य होतं, 'सान्वी नसती तर मी केव्हाच सुटले असते.' पैसे दे, नाहीतर हे नवऱ्याला पाठवतो. नवऱ्याचं नाव, नंबर, कोर्टाची तारीख, सगळं तिनेच सांगून ठेवलेलं.

"देऊन टाकते वहिनी. तोंड तरी बंद होईल त्याचं," असं म्हणत ती चॅट पुसायला लागली. मी फोन हिसकावून घेतला.

"पुसलंस तर पुरावा काय उरणार? आणि आज दिलेस की उद्या पुन्हा मागेल तो."

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करून आम्ही गेलेल्या पैशांची तक्रार नोंदवली आणि तडक कल्याणला तिच्या वकील मायामॅडमकडे गेलो. मॅडमनी सगळं वाचलं.

"केस चालू असताना नवीन कुणाच्या नादी लागू नकोस, हे सांगितलेलं ना मी?"

"तुम्ही म्हणालेलात, कुणाला भेटू नकोस," अक्षदा म्हणाली. "मी भेटलेच नाही."

मॅडमनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"एक पैसा द्यायचा नाही. फोनमधलं काही पुसायचं नाही. सायबर पोलिसांकडे जा, आणि पुढच्या तारखेला कोर्टाला आपणच सांगू. पण तो पाठवणार, हे धरून चाल."

आणि त्याने पाठवलंच. शुक्रवारी साकेतचा फोन आला. "रविवारी सान्वीला न्यायला येतोय. तुझं साहित्य तिला वाचायला देतो. आता छान वाचते ती."

त्या रात्री अक्षदा जेवली नाही. शनिवारी सकाळी सान्वी चित्र रंगवत बसली होती. अक्षदा तिच्यासमोर फरशीवर बसली. मी स्वयंपाकघरात होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"सान्वी, मी एका माणसाला तुझ्याबद्दल वाईट लिहिलं. बाबा तुला दाखवणार आहेत, म्हणून आधी मीच सांगते." मग तिने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न बदलता. मला वाटलं, बाहेर जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवावा.

सान्वीचा खडू थांबला. "सुटली असतीस म्हणजे? बाबांच्या ओरडण्यातून?"

"हो."

"मग मला पण घेऊन सुटायचं ना. मला पण ओरडायचे ते."

अक्षदाची तिला जवळ घ्यायची हिंमत झाली नाही. सान्वीच उठून तिच्या मांडीत जाऊन बसली.

रविवारी सान्वीला खाली सोडायला मी गेले. साकेत गाडीला टेकून उभा होता, फोन हातातच. "ये, तुझ्या आईने काय लिहिलंय बघ," तो म्हणाला.

"मला माहितीये ते," सान्वी म्हणाली. "आईने सांगितलं." आणि दार उघडून ती मागच्या सीटवर बसली.

ते वाक्य आता कोर्टाच्या फायलीत आहे. निकाल काय लागेल, मायामॅडम सांगत नाहीत, आणि अक्षदाला झोप लागत नाही. पण त्या दिवशी साकेतने फोन खिशात घातला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वर येऊन अक्षदाला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.