फरशीसाठी बसलेला बुद्धिबळपटू

आमच्या तालुक्याच्या गावात शिरताना एक कमान लागते. तिच्यावर वर्षभर एका बुद्धिबळपटूचा फोटो होता. तापीकाठच्या खेड्यातला हा माणूस परदेशात जाऊन मोठमोठ्यांना बरोबरीत रोखून आला होता. त्याने तिथे नेमकं काय केलं हे गावात चार-पाच जणांना कळत असेल, पण ‘तालुक्याचे भूषण’ एवढं सगळ्यांना वाचता येत होतं. सत्कार इतके झाले की घरच्यांनी थंडीत केळीच्या रोपांवर त्या शाली पांघरल्या, असं मी ऐकलं होतं. शालींचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही.

मग एका उन्हाळ्यात तो तहसील कचेरीसमोर बेमुदत उपोषणाला बसला, आणि दुसऱ्याच दिवशी फोटो उतरला. आमच्याकडे कुठलंही काम इतक्या वेगाने झालेलं मी पाहिलेलं नाही. ज्यांनी हार घातले होते तेच म्हणू लागले, “चांगला माणूस होता, राजकारणात पडला.”

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. वेळ होता, आणि कुतूहल त्याहून जास्त. सत्कारातसुद्धा ‘आभारी आहे’ याच्यापुढे न बोलणारा हा माणूस घोषणा कशा देत असेल, हे मला पाहायचं होतं.

तो देतच नव्हता. मांडवात सतरंजीवर मांडी घालून बसला होता. शेजारी त्याच्या गावचे आप्पा होते. गुजर घरातले, केळीवाले, तीस वर्षं त्याच्याकडून हरत आलेले. मागे गावातल्या दहा-बारा बायका. मी सरळ विचारलं, “तुम्ही इथे कसे?”

“आमच्या नाल्यावरची फरशी वाहून गेली, पलीकडे जायचा तेवढाच एक ठेंगणा पूल,” तो म्हणाला. “दवाखाना पलीकडे आहे. मागच्या पावसाळ्यात शेजारची सून अडली. पाणी उतरेपर्यंत तिला खाटेवर घेऊन काठावर उभे होतो. ती वाचली. मूल गेलं.”

“मग निवेदन द्यायचं.”

“सात दिली. सातही वेळा उत्तर आलं. उत्तर आलं म्हणजे समोरच्याने चाल केली, असं मी धरून चाललो. आमच्या खेळात पाळी आली की खेळावंच लागतं हो. नुसतं बसून राहता येतं, हे मला माहीतच नव्हतं.”

“आख्खा तालुकाले माहीत व्हतं,” आप्पा म्हणाले. “याले सांगाले कोनी गयं नही.”

उपोषणाची आमच्याकडे एक रीत आहे. तिसऱ्या दिवशी साहेब येतात, लेखी आश्वासन देतात, मोसंबीचा रस पाजतात, फोटो निघतो आणि मांडववाला बांबू सोडायला लागतो. त्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. मागे फोटोवाला, आणि बांबू सोडायला दोन माणसंही आधीच येऊन थांबली होती.

त्याने कागद वाचला. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

“कधी?” त्याने विचारलं.

“लवकरच. घ्या आधी रस,” म्हणत साहेबांनी ग्लास पुढे केला. तो बाजूला सारायला म्हणून त्याने हातात घेतला, तेवढ्यात फोटो निघाला. टाळ्या झाल्या. बांबूवाले उठले.

“भाऊ, हात लाग्ना तुन्हा,” आप्पा घाबरून म्हणाले. “आते पेनं पडी!”

साहेबांना कळेना. मला थोडंफार कळलं: हात लागला, आता प्यावंच लागणार. मोहऱ्याला हात लागला की तोच खेळायचा, हा नियम या माणसाने गावाला इतका कडक शिकवला होता की त्यापायी आप्पांनी अनेक वजीर घालवले होते. आता सगळे त्याच्या हाताकडे पाहत होते. फरशी त्या एका घोटावर आली होती.

त्याने ग्लास आपल्यासमोर सतरंजीवर ठेवला.

“आप्पा, नियम अर्धाच सांगितला तुम्ही,” तो म्हणाला. “हात आपल्या मोहऱ्याला लागला तर खेळायचं. समोरच्याच्या मोहऱ्याला लागला तर मारायचं. ग्लास कोणाचा?”

“सायबना.”

मारलेला मोहरा पटाबाहेर ठेवावा तसा त्याने ग्लास उचलून आपल्या मागे, बायकांच्या बाजूला ठेवून दिला. तिथे एकच हशा पिकला.

“म्हणजे घेणार नाही?” साहेब म्हणाले.

“घेतला की. पिणार नाही. आता तुमची पाळी.”

साहेब रागावले असते तर मला नवल वाटलं नसतं. ते जीपपाशी गेले आणि अर्धा तास फोनवर बोलत राहिले. तेही कुणाच्या तरी पाळीची वाट बघत असावेत. परत आले तेव्हा त्यांनी कागद मागितला आणि छापील ओळीखाली स्वतःच्या हाताने काम सुरू करण्याची तारीख लिहून सही केली. त्याने ती ओळ तीनदा वाचली. मग तो एका बाईने डब्यातून आणलेलं ताक प्यायला आणि उठला. त्याचा फोटो कुणी काढला नाही. फोटोवाला केव्हाच गेला होता.

त्या तारखेला अर्थातच कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सतरंजीची वळकटी काखेत मारून, आप्पांना घेऊन पुन्हा कचेरीच्या फाटकात उभा राहिला. नाल्यावर पाइप त्याच दुपारी पडले.

काम पुरं झालं नाही. पावसाआधी अर्धीच रुंदी झाली. गाडी जात नाही, माणूस जातो. श्रावणात मी मुद्दाम बघायला गेलो. नाला भरून वाहत होता, पण पाइपांतून, खालून. त्याच्या शेजारची ती सून पुन्हा गरोदर होती. सासूचा हात धरून दवाखान्याकडे निघाली होती. मधोमध थांबून तिने खालच्या पाण्याकडे एकदा नीट पाहिलं. मग सासूचा हात सोडून ती पुढे चालू लागली.