त्यांच्याकडे गणपती बसत नाही

रेवा, चिन्मय — हे मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. घर नशिबाने मिळालं, असंच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. आज लिहितेय, कारण रेवा, तू तिकडे परदेशात जुनं, मोठ्या आवाराचं घर घ्यायला निघाली आहेस. मालकिणीला आपल्या कुटुंबाविषयी पत्र द्यायचं असतं म्हणालीस, आणि हसत विचारलंस — "आजी, तेच घर मागणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकांबद्दलही दोन शब्द टाकू का?"

दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

एरंडवण्यातलं हे घर मी शोधलं, असं तुम्हाला नेहमी सांगत आले. ते खोटं आहे. शोधलं सुनंदा गायकवाडने. आमच्या शाळेत ती गणित शिकवायची, मी इंग्रजी. तिचे यजमान खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, राहायला तिथलंच क्वार्टर. आम्ही नारायण पेठेत, दोन खोल्यांत सहाजण. "सोबत चल, तुला घरातलं कळतं," म्हणून ती मला बघायला घेऊन गेली. दगडी जोतं, रुंद व्हरांडा, मागे विहीर आणि केवढी तरी मोकळी जागा — परतताना बसमध्ये मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही. मला ते घर हवं होतं.

आम्हीही मागणी घातली. सुनंदाला सांगून — तेवढी सरळ मी होते. ती म्हणाली, "घाल की. माई ठरवतील." माई म्हणजे घरमालकीण, एकट्या होत्या, मुलाकडे इंदूरला निघाल्या होत्या. किंमत दोघींची सारखीच होती.

एका दुपारी मी एकटीच माईंकडे गेले. चहा देता देता त्यांनी विचारलं, "काय गं, त्या गायकवाडांकडे गणपती किती दिवसांचा असतो?"

तुम्हाला हा प्रश्न साधा वाटेल. तो साधा नव्हता. आडनावावरून जात कळली नाही, की असं आडून विचारायचं. सुनंदाच्या सासऱ्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, हे मला माहीत होतं. माईंना काय हवं होतं, तेही माहीत होतं. 'तिलाच विचारा' म्हणता आलं असतं. 'त्याचा घराशी काय संबंध?' असंही — पण म्हणाले का? मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यांच्याकडे गणपती बसत नाही."

चार शब्द. एकही खोटा नाही — म्हणूनच मी ते निवडले.

"बरं झालं बोललीस," माई म्हणाल्या. सुनंदाला त्यांनी कळवलं, की मुलाने परस्पर दुसरीकडे शब्द दिलाय. वास्तुशांतीला ती आली, जेवली, आवारात एक फेरी मारून आली. मी तिला आग्रह करकरून वाढत होते.

आणि मग? मग आम्ही इथे सुखात राहिलो. तुमची आई याच आवारात सायकल शिकली. महिनोन्‌महिने मला ते उत्तर आठवतही नसे. हेही सांगायलाच हवं.

गेल्या मंगळवारी मी वाघोलीला गेले. सुनंदा तिथे मुलीजवळ असते. माईंचा प्रश्न, माझं उत्तर — जसंच्या तसं सांगितलं. तिचं मेथी निवडणं थांबलं नाही.

"अंदाज होता," ती म्हणाली. "त्या वर्षी तू आपणहून माझे पेपर तपासायला यायला लागलीस. इंग्रजीच्या बाई गणिताचे पेपर तपासतात म्हटल्यावर काहीतरी घोळ असणारच."

मला हसता येईना. मेथीची दुसरी जुडी सोडत ती म्हणाली, "आमचं घर झालं गं नंतर. पण मुलं तोवर क्वार्टरमध्येच मोठी झाली."

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी घेतल्यासारखं झालं असतं.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "फोन करत जा. फक्त गोड बोलू नकोस."

रेवा, तुमच्या घराचं होईल, असं मला मनापासून वाटतं. पत्र तुझं तू लिही.

गुरुवारी मी सुनंदाला फोन केला. तिने उचलला, आणि आम्ही बराच वेळ बोललो.