मुलांनी पाहण्यास योग्य

ऑफिसात तिच्या पाठीमागे सगळे तिला कात्री म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं. राग येण्याऐवजी तिला थोडं बरं वाटायचं. टीव्ही वाहिनीच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालच्या एका बिनखिडकीच्या खोलीत ती एकोणीस वर्षं बसली होती. काम एकच. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात जे जे लागणार ते आधी बघायचं आणि मुलांनी बघण्याजोगं आहे की नाही ते ठरवायचं.

त्यासाठी तिच्याकडे एक छापील तक्ता होता. चौदा रकाने. रक्त, हत्यार, शिवी, मारहाण, दारू, चुंबन, असं करत करत भूत-पिशाच्चापर्यंत. प्रत्येक रकान्यापुढे 'आहे' किंवा 'नाही'. जे 'आहे' असेल ते कापायला सांगायचं आणि चौदाही 'नाही' झाले, की खाली शिक्का मारायचा: मुलांनी पाहण्यास योग्य. ती या कामात डोळ्यांत तेल घालून बसे. एकदा तिने एका मालिकेतली थप्पड काढून टाकली. संध्याकाळी लोकांना दिसलं ते एवढंच, की नायिका बोलता बोलता अचानक गाल धरून रडायला लागते. चार जणांनी फोन करून विचारलं की बाईंची दाढ दुखतेय का. ऑफिस आठवडाभर हसत होतं. तिने मात्र सांगितलं, "हसा. थप्पड चौथ्या रकान्यात येते."

घरी मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. नात जन्मली तेव्हा इतकी बारकी आणि गोल होती, की आजीनेच तिचं नाव गुंडी पाडलं होतं. मुलगा लिफ्टची दुरुस्ती करायचा, सून दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची. दोघं साडेसातच्या आत घरी येत नसत. कात्रीची पाळी मात्र सकाळची, त्यामुळे शाळा सुटल्यापासून साडेसातपर्यंत गुंडी आजीच्या ताब्यात. आणि त्या वेळात घरातला टीव्ही बंद. रिमोट आजीच्या कपाटात, कपाटाची किल्ली आजीच्या पर्समध्ये. पाढे व्हायचे, शुद्धलेखन व्हायचं. रात्री गुंडी आजीपाशीच झोपायची, एकाच उशीवर, आजीच्या पोटावर पाय टाकून.

सुनेला हे टीव्हीचं प्रकरण पटत नसे. "शाळेत सगळी पोरं त्या कार्यक्रमांबद्दल बोलतात आणि ही माठासारखी बघत बसते. आणि आई, पास तर तुम्हीच करता ना ते? मग तुम्ही पास केलेलं तुमच्याच नातीला का चालत नाही?"

"पास करणं वेगळं," कात्री म्हणाली, "आणि घरात दाखवणं वेगळं."

सुनेने हे वाक्य दातांच्या दवाखान्यात, शेजारीपाजारी, सगळीकडे सांगितलं.

त्याच वर्षी 'कशी जिरली' आला. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. छुपे कॅमेरे लावून एका मुलाला फसवायचं, एवढाच कार्यक्रम. फसवणारे त्याचे आईवडीलच. पहिल्या भागात एका पोराला सांगितलं, की तुझं कुत्रं गाडीखाली गेलं. पोरगं जमिनीवर लोळून रडलं. मग दार उघडलं, निवेदक फुगे घेऊन आत आला, कुत्रं आत आलं, सगळे ओरडले, "कशी जिरली." पोरगं रडता रडता हसलं.

कात्रीने तो भाग दोनदा बघितला. दुसऱ्यांदा पोरगं लोळायला लागलं तिथे तिने चित्रफीत थांबवली. तिने तक्ता पुढे ओढला. रक्त नाही. हत्यार नाही. शिवी नाही. ती जिना चढून कार्यक्रमप्रमुखाकडे गेली. तो तिच्या मुलापेक्षाही लहान होता, आणि सगळ्यांशी फार गोड बोलायचा.

"हे मुलांना बघवणार नाही," ती म्हणाली.

"कुठल्या रकान्यात बसतं, मावशी?"

तिने मनातल्या मनात चौदाही रकाने पुन्हा मोजले.

"बघा, मुलं हे बघून पोट धरून हसतात. आम्ही आणून दाखवलंय मुलांना. तरी तुम्हाला वाटत असेल तर खाली शेरा लिहा. मी वर पाठवतो."

तक्त्याच्या तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी कोऱ्या होत्या. एकोणीस वर्षांत तिने तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. रकान्यांबाहेर ज्याला त्याला काय वाटतं त्याला काय अर्थ, असं ती नव्या लोकांना शिकवत आली होती. ती खाली आली आणि तिने शिक्का मारला. पुढच्या पंधरा भागांवरही मारला. पाचव्या-सहाव्या भागापासून ती चित्रफीत मध्ये न थांबवता बघू लागली.

मग एका गुरुवारी तिला घरी जायच्या वेळेला मीटिंगसाठी थांबवलं. मीटिंगमध्ये विशेष काही नव्हतं. चहा झाला, बिस्किटं झाली, सहा वाजले. घरी फोन केला तर सून म्हणाली, "मी आज लवकर आलेय, सावकाश या." घरी गेली तर गुंडी जेवून झोपलेली. शेजारी नवी कोरी बाहुली.

पुढच्या सोमवारी कार्यक्रमप्रमुख स्वतः जिना उतरून तिच्या खोलीत आला. "म्हटलं, हा भाग तुम्ही बघताना मी असावं," असं म्हणून दारापाशी हाताची घडी घालून उभा राहिला.

पडद्यावर आधी तिला घरच्या खिडकीचे पडदे ओळखू आले, मग आपला पलंग.

सून पलंगावर बसून गुंडीला सांगत होती, "आजी म्हणते, या घरात एक तर टीव्ही राहील, नाही तर मी राहीन. बाबा म्हणाले, गुंडी सांगेल तसं करू. सांग, कोणाला ठेवायचं?"

"टीव्ही," गुंडी म्हणाली. दोन गोळ्यांतली लाल गोळी उचलावी इतक्या सहज.

"मग आजीला पाठवायचं?"

"हो."

दार वाजलं. दोन दांडगी माणसं आत आली. एकाने आजीची बॅग उचलली, दुसऱ्याने गादी गुंडाळायला घेतली. गुंडी बघत राहिली. त्याने उशी उचलली तेव्हा ती उठली. "ती नको नेऊ. ती आमची दोघींची आहे."

"तूच सांगितलंस ना, आजीला न्या म्हणून?"

"मग टीव्ही न्या." ती धावत जाऊन टीव्हीची वायर ओढू लागली. "हा घ्या. हा न्या."

"आता कागदावर लिहून झालं. आता बदलत नाही."

तेव्हा गुंडी त्या माणसाच्या अंगावर गेली. "सोड, हरामखोरा," असं ओरडून तिने उशी धरलेल्या त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. माणूस कळवळला, पण उशी सोडली नाही. गुंडी खाली बसली. तिच्या फ्रॉकखालून फरशीवर ओल पसरली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिचा बाप फुगे घेऊन बाहेर आला, मागून निवेदक, आणि सगळे ओरडले. गुंडीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओल्या फ्रॉकमध्ये बसल्या बसल्या तीही हसली.

"काय म्हणता, मावशी?" प्रमुख म्हणाला.

कात्रीने चित्रफीत मागे नेली. "टीव्ही." पुन्हा मागे नेली. "टीव्ही." तिसऱ्यांदा नेली. खरं तर त्या क्षणी ती तो तक्ता फाडू शकली असती, आजी म्हणून बोंब ठोकू शकली असती, आणि लोकांनी तिचं ऐकलंही असतं. पण तिच्या कानात तो एकच शब्द घुमत होता. सात वर्षं पोटाशी घेऊन झोपवली आणि या पोरीला क्षणभर विचारही करावासा वाटला नाही. पुढचं रडणं तिने कोरड्या डोळ्यांनी बघितलं. रड, तिच्या मनात आलं. रड आता.

तिने तक्ता भरला. रक्त नाही. हत्यार नाही. शिवी: आहे, कापा. मारहाण: आहे, चावा, कापा. बाकी सगळे 'नाही'. शिक्का इतका जोरात मारला, की टेबलावरचं पाणी हिंदकळलं.

घरी ती कोणाला काही बोलली नाही. सून दोन दिवस तिच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिनेच विषय काढला. "गंमत आहे हो, आई. असले सोळा तुम्हीच पास केलेत."

"सतरा," कात्री म्हणाली.

भाग लागला त्या संध्याकाळी मुलाने सुट्टी घेतली होती. शेजारची दोन कुटुंबं आली होती. रिमोट कपाटातून बाहेर आला. गुंडीला सगळ्यांच्या पुढे, मध्यभागी बसवलं होतं. ती "टीव्ही" म्हणाली तेव्हा शेजारचे काका मांडीवर थाप मारून हसले. "बघा वहिनी, तुम्हाला किती पटकन घालवलंन." मग वायर ओढणारी गुंडी दिसली, आणि लगेच फरशीवर बसून रडणारी, ओली झालेली गुंडी. त्या ओलीभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता आणि मागे हसण्याचा आवाज भरला होता.

पाहुणे गेल्यावर गुंडी आजीपाशी आली. "आजी, मी त्याला चावले होते."

"हं."

"खूप जोरात चावले होते. रक्त आलं असेल. ते कुठे गेलं?"

कात्री पांघरुणाची घडी उलगडत राहिली.

"ते मी तुला दाखवणार होते," गुंडी म्हणाली.

"ते मुलांनी बघण्याजोगं नव्हतं," कात्री म्हणाली.

शाळेत गुंडीचं नाव मुतरी पडलं. वर्गात ती आली की मुलं मिळून ओरडत, "कशी जिरली." ती महिनाभर शाळेच्या वेळेला उलट्या करत होती. आजी चपला घालायला लागली की गुंडी दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "परत येणार ना?" कात्रीचं उत्तर एकदा ऐकून तिचं भागत नसे. चार-पाच वेळा विचारायची, आणि पाचव्या वेळेला कात्री वैतागायची. उशीही गुंडीने स्वतःची वेगळी मागून घेतली.

कात्रीने त्यानंतर एकदाच शेरा लिहिला. एका पाच वर्षांच्या मुलाला सांगितलं होतं, की तू आमचा नाहीस, तुझे खरे आईबाप तुला न्यायला आलेत. तिने दोन्ही कोऱ्या ओळी भरल्या. हे मुलांना दाखवू नये आणि मुलांवर करूही नये, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. प्रमुखाने तिला वर बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

"मावशी, स्वतःच्या नातीच्या वेळी तुम्ही शेरा लिहिला नाहीत. आता परक्याच्या पोरासाठी लिहिताय. मी हे वर पाठवलं, तर ते मला काय विचारतील?"

तिने कागद परत मागून घेतला आणि नवा तक्ता भरून दिला.

त्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरली. दुपारी चारची वेळ, घरात फक्त गुंडी. खुब्याचं हाड मोडलं होतं. ती ओरडली तशी गुंडी दारात आली. आजी एक पाय विचित्र वळवून ओल्या फरशीवर पडलेली. गुंडीने तिच्याकडे पाहिलं, मग वर दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीत, आरशामागे.

"शेजारच्या काकूंना बोलाव," कात्री म्हणाली. "पळ, बाळा."

गुंडी हलली नाही. भिंतीला पाठ टेकून दाराकडे तोंड करून उभी राहिली. कात्री कण्हत होती, विनवत होती, शेवटी शिव्या देत होती. गुंडी एवढंच म्हणाली, "मी नाही रडणार या वेळी." पाऊण तासाने दूधवाला आला तेव्हा त्याने आवाज ऐकला.

इस्पितळात सुनेने गुंडीला सगळ्यांसमोर दोन थपडा दिल्या. नंतर खाटेशी दोघीच असताना कात्रीने तिला विचारलं, "तुला खरंच वाटलं नाही का, की आजीला लागलंय?"

"वाटलं," गुंडी म्हणाली. "पण मग सगळे हसतात."

कात्री पुन्हा कामावर गेली नाही. काठी घेऊन घरातल्या घरात फिरायची. जिन्याखालच्या खोलीत एक तरुण मुलगा आला आणि तक्ता नऊ रकान्यांचा झाला. घरात आता टीव्ही पाचलाच लागे. कोणी त्याला हरकत घेत नसे. आजी आणि नात एका सोफ्यावर दोन टोकांना बसून तो बघत.

गुंडी दहा वर्षांची झाली त्या वर्षी 'कशी जिरली'ने नवा प्रकार काढला. आता मुलांनीच मुलांना फसवायचं. गुंडीने फॉर्म स्वतः भरला, बापाची सही घेतली. तिने निवडली ती वर्गातली एकुलती एक मैत्रीण, जिने तिला कधी मुतरी म्हटलं नव्हतं. त्या मुलीला वडील नव्हते. गुंडीने तिला एका बाकावर बसवून, हात हातात घेऊन सांगितलं, की तुझे वडील मेलेले नाहीत, ते आज तुला भेटायला येणार आहेत. मैत्रिणीने केस नीट केले आणि ती दाराकडे बघत बसली. पाच मिनिटं कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. गुंडी तिचा हात थोपटत होती. मग दार उघडून निवेदक फुगे घेऊन आला.

कार्यक्रमप्रमुखाने घरी फोन केला. "तुमची नात म्हणजे सोनं आहे, मावशी. चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही तिने."

भाग शुक्रवारी साडेसहाला लागला. सून शेजाऱ्यांना बोलावून आली होती. गुंडी मध्यभागी बसली होती आणि या वेळी तीही हसत होती, बाकीचे हसायला लागण्याच्या किंचित आधी. कात्रीने काठीवर हात ठेवला, उठायचं म्हणून. पण मधून जायला जागा नव्हती आणि कोणी पाय बाजूला घेतले नाहीत, म्हणून ती बसून राहिली आणि तिने भाग शेवटपर्यंत बघितला.