मागच्या ॲक्सलचं काम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझं सगळं कळतं, चोरून चहात साखर किती घातली तेसुद्धा. म्हणजे किती खोल दडवलंय बघा. आता साठी उलटली, दम लागतो. आणि दडवायलाही ताकद लागते हो.

रत्नागिरीत माझं गॅरेज आहे. जीप, ॲम्बेसेडर, टेम्पो यांच्यावर जन्म काढला. आणि घमेंड? विचारू नका. बोनेट न उघडता नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचो, आणि चार माणसं ऐकायला असली की जरा मोठ्यानेच सांगायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी देवरूखच्या एका आंबा बागायतदाराने मुंबईहून जुनी अमेरिकन गाडी आणली. होडीसारखी लांब, फिकी निळी. मागचे ब्रेक मात्र अगदी अरुंद. मालक म्हणाले, "घाटात न्यायचीय, मागचे ब्रेक मोठे करून द्या." आता मोठे बसवायचे तर आधी ॲक्सल कुठला ते ओळखायला हवं ना? कागदावर एक होता, गाडीखाली दुसराच — मध्ये कुणीतरी बदललेला. मी गाडीखाली आडवा झालो, गंज खरवडला, कव्हरचे बोल्ट मोजले, नळीवरचा ठसा शोधला आणि बरोब्बर ओळखला. मग मुंबईच्या जुन्या बाजारातून त्या मापाचे रुंद ड्रम, प्लेटा, शू, सगळं मागवलं. गावभर सांगत सुटलो की असा ॲक्सल ओळखणारा अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही. अवघड होतं ते जमलं. सोपं होतं तिथे माती खाल्ली — पण सांगतो, थांबा.

गाडीवर मालकांनी गंगारामला ठेवलं. गंगाराम माझा जुना दोस्त. तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून गावी परतलेला, आणि इतक्या वर्षांत कुणाला साधा धक्का न लावलेला. या गाडीवर त्याचा भारी जीव. "गंगाराम निघाला बघा नवी नवरी घेऊन!" असं लोक चिडवायचे आणि हा खरंच लाजायचा.

काम झाल्यावर चार दिवसांनी तो आला. "मिस्त्री, उतारावर मागनं वास येतो रे. पेडलपण जरा मऊ लागतंय."

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "अरे टॅक्सीवाल्या, नवे लायनर आहेत, वास येणारच. तू मला शिकवू नकोस." तो हसला आणि गेला. चाक काढून बघायला किती वेळ लागला असता? अर्धा तास? तेवढाही मी दिला नाही.

पुढच्याच आठवड्यात मालकांचं कुटुंब कोल्हापूरहून आंबा घाटाने उतरत होतं. शेवटच्या वळणांवर ब्रेक लागेचना. गंगारामने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि गटारात घातली. सगळे वाचले — त्याच्यामुळे वाचले. मालकांच्या सुनेचा हात मोडला. गंगारामचा गुडघा मात्र कायमचा आखडला.

गाडी माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार? भर दुपारी शटर अर्धं ओढून मी मागचे ड्रम काढले, आणि चूक समोरच दिसली.

कसं सांगू — या गाड्यांच्या मागच्या चाकात ड्रमला आतून दाबणारे दोन शू सारखे नसतात. एकावर लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, आखूड, एकावर लांब. आखूड पुढच्या बाजूला बसवायचा आणि लांब मागच्या, कारण दाबलं की जास्त भार मागचा घेतो. आणि जीपला? जीपला लांब पुढे. चाळीस वर्षं मी जीपाच केल्या. हात आपोआप गेला. दोन्ही चाकांत उलटं. मागचा आखूड लायनर जळून रिव्हेटांना लागलेला, पुढचा लांब नव्यासारखा.

हात चुकला, हे एक वेळ कुणीही समजून घेईल. मी सांगतोय ते त्याच्या पुढचं आहे. मी नवे लायनर लावले, सगळं जिथल्या तिथे सरळ बसवलं, जळके तुकडे कचऱ्यात टाकले. मालक आले, विचारलं, काय झालं होतं. मी हात पुसत म्हटलं, "ब्रेकला काही झालं नव्हतं."

मग झालं कसं? लोकांनी उत्तर शोधलंच. घाट उतरताना राखणदाराच्या, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी गाडी थांबवायची, नारळ द्यायचा, ही इथली रीत. त्या दिवशी उशीर झाला म्हणून गंगाराम थांबला नव्हता. झालं! आणि सगळ्यात आधी पटलं कुणाला? गंगारामलाच. मी भेटायला गेलो तर खाटेवरून माझा हात धरून रडायला लागला. "माझ्याकडनं नारळ राहिला रे. आणि वर तुझ्या कामाला नावं ठेवली, वास येतो म्हटलं. माफ कर मला."

त्याने माझी माफी मागितली हो! आणि मी त्याचा हात थोपटला. "असू दे," म्हटलं. असू दे! आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

मालकांनी त्याला परत बोलावलं होतं, गुडघ्याला झेपेल तेवढं चालव म्हणाले होते. तो स्टिअरिंगला पुन्हा शिवला नाही. दरवर्षी त्या दिवशी घाटात नारळ द्यायला जातो. नेतो मीच, माझ्या गाडीतून. तो लंगडत उतरतो, गाऱ्हाणं घालतो — लेकराचं चुकलं, पदरात घे, ह्या हाताकडनं कुणाचं वाईट होऊ देऊ नको — आणि मागे उभा राहून मी रीतीप्रमाणे साथ देतो, "व्हय महाराजा." दरवर्षी. मोठ्याने.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? गॅरेज बंद पडलं असतं का? मला नाही वाटत. चार दिवस नाव गेलं असतं, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी झाकूनच ठेवली.

गेल्या महिन्यात गंगारामची धाकटी मुलगी, सायली, गॅरेजवर आली. एसटीत ड्रायव्हरची भरती निघालीय म्हणाली. पोरीकडे मोठ्या गाडीचं लायसन आहे. तिचं चालवणं मी बघितलंय, हुबेहूब बापाचा हात. "बाबा नको म्हणतात, काका. आपल्या घरावर राखणदाराचा कोप आहे म्हणतात, बसमध्ये पन्नास माणसं असतील म्हणतात. त्यांचं मन मोडून मी नाही जाणार. पण त्या गाडीचे ब्रेक तुम्हीच उघडले होते ना? तुम्ही काही बोललात तर ऐकतील ते."

तोंडाशी आलं होतं. पण आलं होतं म्हणून काय उपयोग?

मी म्हटलं, "बाबांचं ऐक, बाळा. जुन्या माणसांना कळतं."

 ती "बरं काका" म्हणाली, वाकून माझ्या पाया पडली आणि गेली. अर्जाची मुदत त्या शनिवारी संपली. तिने अर्ज भरला नाही.