बाबांना उचलण्यासाठी

पक्षाघातानंतर बाबा माझ्याकडे पनवेलला राहत होते. एकदा ते बाथरूममध्ये पडले आणि मला काही केल्या उचलेनात. शेवटी खालून वॉचमनला बोलवावं लागलं. भाऊ फोनवर म्हणाला, "तुझ्याच्यानं होणार नाही," आणि त्याने त्यांना उरण रस्त्यावरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं.

मी पुशअप्स सुरू केले. आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग गुडघे टेकून जमिनीवर. मनगटं ठणकायची, पोळ्या लाटताना हात थरथरायचे. नवरा हसायचा. कित्येक महिन्यांनी एका सकाळी छाती फरशीला लागली आणि मी गुडघे न टेकता पूर्ण वर आले.

त्याच रविवारी सेंटरवर गेले. बाबांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवलं. म्हटलं, "बघा, जमतंय मला. चला घरी."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

"इथली पोरं उचलतात मला. मुलीनं बापाला उचलायचं, बरं दिसत नाही ते."

मी एकटीच परतले. व्यायाम त्या दिवसापासून सोडला. भावाला फोनवर एवढंच सांगितलं, की बाबा मजेत आहेत.